पाणी सोडलं ती दुपार

—न्हाई, उठू नका साहेब, बसा. गाडीला येळ हाय अजून, पाऊण तास लेट म्हणून आत्ताच सांगितलं त्यानं खिडकीतनं. मी लई येळ घेणार न्हाई तुमचा. तुमी रेल्वेकडून चौकशीला आलात, सरपंचाला इचारलं, गुत्तेदाराच्या माणसाला इचारलं, त्या दिवशी कॅनॉलात व्हते त्यांना इचारलं — मला कुणी इचारलं न्हाई. मी गुणाबाई. कॅनॉलच्या गेटवर शेषेराव व्हते, ज्यांना पोलिसांनी नेलं, त्यांची बायको. हाव, तीच. आधी नवऱ्याचं नाव तोंडातनं निघत नव्हतं, आता सवा महिना झाला, ज्याला त्याला नाव सांगूनच राहिले. माझं एवढंच मागणं हाय, तुमच्या कागदात लिवा की पूल पाडला गुत्तेदारानं. बास, एवढं लिवलं की मी जाते.

तुमी नवं टेसन बघून राहिलात, आधीचं बघितलं न्हाई. दोन खोल्या अन् एक लिंब, एवढंच. पण गर्दी इचारू नका — सकाळच्या पॅसेंजरला ह्या पांगरा रोड टेसनावर पाय ठेवाया जागा नसायची. नांदेडला कामाला जाणारे मिस्तरी, दवाखान्यात झाडलोट करणाऱ्या बाया, विष्णुपुरीच्या कॉलेजची पोरं, दुधाचे कॅन — अन् ही सगळी दुनिया यायची कॅनॉलवरच्या पुलावरनं. गाव त्या अंगाला, टेसन ह्या अंगाला, मधी कॅनॉल. मग वरनं आलं, नवा जिल्हा व्हणार, टेसन मोठं करा. दोन फलाट करा, जिना करा, गाड्या लावाया मैदान करा. करा की, आमाला काय वाईट? पण टेसनचं काम घेतलं त्या गुत्तेदारानं पैलं काम काय केलं? पूल पाडला. दिवाळीच्या आधी पाडला, म्हणला रुंद बांधून देतो, तोवर सडकेनं फिरून या. सडकेनं दोन कोस पडतंय साहेब. कोण फिरतं? कॅनॉल तर तिसऱ्या सालापासून कोरडा, आत शेरडं बसायची. लोक उतरायला लागले अन् पल्याड चढायला लागले. गुत्तेदाराच्याच माणसांनी पायऱ्या खांदल्या दोन्ही अंगाला. पुलाचा मधला खांब तेवढा तसाच ठिवला, दगडी, छातीएवढा. सरपंचानं तीन डाव अर्ज केला. तीन डाव. हे लिवलंत ना? लिवा.

अन् मालकांचं म्हणाल तर — सव्वीस साल गेटवर काढले त्यांनी. पाणी सोडायच्या आधी अर्धा तास भोंगा, मग धा मिंटानं परत, मग परत. तीन डाव वाजल्याबिगर चाकाला हात लावला न्हाई कधी. लेकीच्या लग्नाच्या दिवशी हळद लागलेली अन् हे भोंगा वाजवाया पळाले. असा माणूस इसरतो का? पोलिसांनी इचारलं तर म्हणले, ताप व्हता, भोंगा इसरलो. ताप व्हता, ते खरं हाय. आठ दिवस अंगात ताप व्हता. म्हणून मी म्हणते, पूल असता तर कोण मेलं असतं? इसरला असल भोंगा, पण पूल असता तर माणसं वरनं गेली असती. तेवढ्यानं शिक्षा कमी व्हती म्हणे. वकील म्हणला.

तुमी म्हणता, पाणी सोडायचा कागद मंगळवारचा व्हता, सोमवारी कामून सोडलं? … हाव. मंगळवारी सकाळी सातला सोडायचं, असाच कागद आलता. वरनं पाणी येऊन गेटाच्या मागं थांबलं व्हतं, सोमवारी दुपारीच. तुमाला आमच्या इकडचं मालूम न्हाई. भोंगा वाजला की नुसती माणसं बाजूला व्हत न्हाईत, खालच्या गावातले मोठे शेतकरी मोटारी काढतात. रातीतनं पाइप टाकून तयार. दोन सालामागं संक्रांतीला पाण्याची शेवटची पाळी सुटली, तवा भोंगा तीन डाव वाजला, मोप पाणी सोडलं, अन् टेलच्या गावाला काय पोचलं? चिखल. कॅनॉल संपतो तिथं पाच कोसावर माझी लेक साखरा दिलीय. तिकडं लातूरला आगगाडीनं पाणी आणून राहिले, पेपरात फोटो आले. टेलच्या गावाला कोण आगगाडी आणतंय? साखरीचं पैलं पाचव्या महिन्यात गेलं — हिरीच्या पायऱ्या उतरताना पाय सरकला, डोक्यावर हंडा. आता परत दिवस गेलते, नववा लागलेला, अन् परत त्याच पायऱ्या. रईवारी जावायाचा फोन आला, म्हणला, आत्या, ती आयकत न्हाई, कुणी पाणी आणून देत न्हाई तर बसून काय करू म्हणती. मग माणसाच्या डोक्यात येतं का न्हाई — की पाणी एक दिवस आधी, गुपचूप, भर दुपारी सोडावं? दुपारी लाइट नसते, मोटारी बंद, सगळे झोपलेले. भोंगा वाजलाच न्हाई तर कुणाला खबर? सांजपत्तुर पाणी टेलला. असं येतं डोक्यात. अन् ते चाक बी सोपं न्हाई साहेब, दोन सालाचा गंज, उन्हानं तापलेलं, हाताची सालटी निघतात — पदर गुंडाळावा लागतो दोन्ही हाताला, अन् पाय भिताडाला लावून अंग टाकावं लागतं, तवा कुठं एक आटा —

काय?

न्हाई. मालक कशाला पदर… मी आपली सांगून राहिले, तसं करावं लागतं म्हणून.

पेन खाली ठिवा, साहेब. असं बघू नका माझ्याकडं. … हाव. मीच. ते तापात निजलेले व्हते गेटाजवळच्या चौकीत, चाकाच्या कुलपाची चावी खुंटीला व्हती. मी अंदाज केला, बाराची पॅसेंजर गेली की तीनपत्तुर कॅनॉलात कुणी नसतं. रोज बघते ना मी. पण त्या दिवशी गाडी दीड तास लेट आली, तुमच्या टेसनच्या कामापायी एकच लाईन चालू व्हती — मला काय मालूम? मी चाक फिरवलं. पाणी सुटलं. तुमी कधी बघितलं का, दोन सालानं पाणी सुटताना? आधी फेस येतो, मग कचरा, काट्याकुट्या, मग काळं पाणी कचरा ढकलत जातं. मी तिथंच बसले गेटावर. साखरीचं तोंड येऊन राहिलं डोळ्यापुढं. अन् टेसनकडनं वरडण्याचा आवाज आला — साहेब, मला वाटलं, लोक पाणी बघून वरडून राहिले. खुशीनं. मी हसले. एकटीच बसून हसले मी.

मग बायांचा रडायचा आवाज आला, तवा उठले.

कॅनॉलात बारा माणसं व्हती, अकरा चढली. रत्नम्मा मागं राहिली, तिचे गुडघे गेलते. तुमच्या कागदात तिचं वय लिवलंय, बासष्ट. बाकी काय लिवलं तिचं? उदगीरकडची व्हती, फलाटावर उकडलेल्या शेंगा इकायची. मला गुणव्वा म्हणायची. मी टेसनवर गेले की आधी “बा, बा गुणव्वा” — तिच्या कानडीत ये, ये — म्हणून टोपलीमागं जागा करून द्यायची, तिच्या पाटावर आमी दोघी बसायचो. अठरा साल. माझ्या साखरीच्या पैल्या वक्ताला डोहाळजेवण तिनं केलं. ती त्या दगडी खांबाला धरून उभी व्हती म्हणे, लई येळ. कुणी धोतर फेकलं, कुणी फांदी. ते धराया एक हात सोडायचा व्हता, तो तिला सुटला न्हाई. मी तिकडं चाक उलटं फिरवून राहिले अन् ते फिरंना. पदर फाटला, चाक फिरंना. मालक तापात पळत आले, मला बाजूला ढकललं, गेट बंद केलं त्यांनी. तोवर खांबापाशी नुसती टोपली अडकलेली. रत्नम्मा खाली जाळीला सापडली, सांजच्याला.

अन् पाणी? पाणी टेलला पोचलंच न्हाई, साहेब. दोन कोसावर जिरलं.

मालकांनी मला चौकीत नेलं. म्हणले, “तू घरात व्हतीस. भाकरी थापत व्हतीस. मी उघडलं.” मी म्हणले, असं कसं? म्हणले, “साखरीचं बाळंतपण कोण करणार? मी करणार का?” अन् सदरा घालून पोलीस यायच्या आधी सोताच बाहेर जाऊन उभे राहिले. एकदा भेटाया गेले जेलात, तर जाळीमागनं परत तेच — बाळंतपण कर. दुसऱ्या वक्ताला भेटायलाच आले न्हाईत.

झालं की बाळंतपण. बारा दिवस झाले. पोरगी हाय, सात पौंडाची, साखराबी चांगली हाय. अन् पोरीला रोज न्हाऊ घालाया कोण येतं मालूम हाय? रत्नम्माची सून, उमा. मी बोलावलं न्हाई तिला. सोताच आली, म्हणली, आत्या असत्या तर त्या आल्या असत्या, आता मी येते. रोज येती, पाय लांब करून त्यावर पोरीला घेती, तेल लावती, अन् मला म्हणती, मावशी, रडू नका, काकांनी जाणून थोडंच केलं, येळ वाईट व्हती. जाणून थोडंच केलं! मी पाणी तापवून देते अन् चुलीपुढनं उठत न्हाई, धूर गेला म्हणते डोळ्यात. आज तिनं पोरीचं नाव काढलं. म्हणली, राग नसंल तर रत्ना ठिवा. साखरा हाव म्हणली. मी न्हाणीतनं बाहेर आले, चप्पल घातली, ती तुमच्या पुढं येऊन बसले. येताना मनात एवढंच व्हतं की पुलाचं सांगावं. खरंच एवढंच व्हतं.

काय म्हणता? … तुमची चौकशी पुलापुरती. गेटाचं तुमच्याकडं येत न्हाई. … अन् हे तुमी ऐकलं न्हाई? का? … माझ्या लेकीच्या वयाचे दिसता तुमी, आईची आठवण आली असंल. मनानं चांगले हायेत तुमी. पण बाबा, मालक म्हणले तू घरात व्हतीस, साखरा म्हणती आई तू घरात बस, उमा म्हणती मावशी तुमी बसा, आता तुमीबी म्हणता घरला जा. सगळे मिळून मला घरात बसवून राहिले, अन् तो माणूस तिकडं जाळीमागं. साखरा? साखरीजवळ उमा हाय. उमाला आज सांजच्याला कळंल, मग ती येईल का न्हाई, ते तिचं तिनं ठरवावं. मला तिचं तोंड बघायची हिंमत न्हाई, म्हणून तर सांगून आले न्हाई.

आली बघा गाडी. उठा, फाइल घ्या, तो चष्मा राहिलाय बाकावर. पुलाचं तेवढं लिवा, ते खोटं न्हाई. … न्हाई, मला सही येते, पण तुमच्या कागदावर नको, तिकडंच करते. नांदेडच्या टेसनातनं बाहेर पडलं की ठाणं कुठल्या हाताला? … बरं. इचारीन मी कुणाला तरी. तुमी व्हा पुढं, तुमचा डबा पुढं लागतो. मी मागच्यात बसते. उतरल्यावर मला ओळख दाखवू नका. जावा.