आत्या, गंगेचा गडू आणि माझे मासे

तुम्ही हसाल, पण माझं डोकं अजून तापतं. कोपरखैरण्याहून उलव्याला शिफ्ट झालो, तेव्हा माझ्या दोन समुद्री माशांचं टेन्शन मी एकट्याने घेतलं होतं. एकदम नवं पाणी या माशांना सोसत नाही, म्हणून टाकीतलंच खारं पाणी चार कॅनमध्ये भरून घेतलं. टॅक्सीत माझ्या मांडीवर माशांची बादली, शेजारी आत्याच्या मांडीवर काशीहून आणलेला गंगेचा गडू.

नव्या घरी टाकी मांडली आणि बघतो तर चारही कॅन बाथरूममध्ये उपडे!

"आत्या, यातलं पाणी कुठंय?"

"ओतलं. नव्या घरात कुणी शिळं पाणी आणतं का? केवढा वास मारत होतं!"

"अगं, मासे मरतील ना!"

"काही मरत नाहीत. नळाचं ताजं भर आणि चार चमचे मीठ टाक."

मी बाईक काढली. माशांच्या दुकानातून तयार खारं पाणी घेऊन येईपर्यंत दोन तास गेले. तोवर बादलीत एक मासा आडवा झाला होता. दुसरा कसाबसा वाचला.

आत्या देवघर मांडत बसली होती. मधोमध तो गडू, हळदकुंकू लावलेला.

"हे पाणी कधीचं गं?"

"तुझ्या मुंजीच्याही आधीचं," ती कौतुकाने म्हणाली.

मी गडू उचलला आणि सरळ बाथरूमकडे निघालो.

"अरे मेल्या, कुठे नेतोस तो?"

"ओततो! नव्या घरात कुणी शिळं पाणी आणतं का?"