खोल चेंबर

इतकी चांगली गाडी का विकली, असं विचारताय ना? चहा घ्या, सांगतो.

नव्वदीच्या सुरुवातीला मी सिल्वासात नोकरीला होतो. मोटार रॅलीच्या नादात गाडीचं इंजिन अथालच्या गॅरेजात नव्यानं बांधून घेतलं. तिथले आप्पा मिस्त्री मूळचे धुळ्याचे. इंजिनाखालचं तेलाचं चेंबर मी खोल आणलं, तेल जास्त मावतं म्हणून.

आप्पा म्हणाले, "साहेब, हे आपल्या रस्त्यावर घासेल. उथळ बसवू."

मी ऐकलं नाही.

बसवून झाल्यावर त्यांनी बजावलं, "तेलाचा लाल दिवा लागला की चाबी बंद. एक सेकंदही गाडी पुढे नाही, तेलाविना इंजिन खलास होतं."

दोन महिन्यांनी गॅरेजातच आप्पांच्या छातीत कळ आली. त्यांना मागच्या सीटवर निजवून मी सिल्वासाकडे सुसाट निघालो. वाटेत दगड लागून चेंबर फुटलं. लाल दिवा लागला.

मागून आप्पा कसेबसे म्हणाले, "साहेब, चाबी."

त्यांनी बजावलं होतं तशी मी चावी बंद केली.

दवाखाना तिथून दोन किलोमीटरवर होता. दुसरी गाडी मिळेपर्यंत आप्पा गेले.

पुढे इंजिन उघडलं, तर आत साधा ओरखडाही नव्हता.