महाराणीच्या चार खुर्च्या

…नाही हो काका, वेड नाही लागलेलं तिला. खरं तर हे मी सांगायचं नाहीये, मामानं बजावलंय — पण तुम्हीही त्याच्यासारखेच प्रशिक्षक, आणि तुमच्या त्या पोहणाऱ्याच्या डोक्यात हवा गेलीय म्हणूनच मामाला भेटायला आलात ना? मग ऐका. हळू बोलते हं. ती समोर खुर्च्या मांडून एकटीच भांडतेय ना, ती आमची महाराणी. रिलेत चौघींनी पळायचं, एकीनं दुसरीच्या हातात बॅटन द्यायचं — तुम्हाला काय सांगायचं म्हणा! — तर ती म्हणाली, या तिघींमुळे मी मागे पडते. दुसरा कुणी असता तर झापलं असतं. मामा काय म्हणाला? "बरोबर आहे तुझं. चारही टप्पे तूच पळ." आणि पळाली! उजव्या हातातून डाव्यात बॅटन, डाव्यातून उजव्यात — आम्ही आपल्या कठड्यावर बसून टाळ्या वाजवतोय. मामाचं म्हणणं, फुगलेल्या माणसाला टोचायचं नाही, ऐसपैस जागा द्यायची. म्हणून मीटिंगला तिला एकटीला चार खुर्च्या!

पण थोड्याच दिवसांत तक्रार आली — "सर, पहिली धावणारी बॅटन नीट देत नाही." कोण पहिली? तीच हो! मामा हसला? छे! चेहरा गंभीर करून म्हणाला, "मग काढू या का तिला?" "काढाच!" काढली, तिची खुर्चीही दाराबाहेर. तिथं आमच्यातली उंच मुलगी आली. मग दुसरी रुसली, पहिलीवर अन्याय झाला म्हणून — तिलाही महाराणीनंच हाकललं. तिथं डॉक्टरांची मुलगी. शेवटी महाराणीकडे फक्त चौथी उरेल आणि आमची टीम पूर्ण होईल, असा मामाचा डाव. आता अडलंय तिसरीवर. आणि ती जागा माझी आहे, काका! दुपारी फायनल, मी सकाळपासून बूट घालून बसलेय. तिसरी गेली तर मी पळणार, तिसरी-चौथीचं जमलं तर परत पाण्याच्या बाटल्या भरणार. काल तर जमतच आलं होतं. म्हणून मी महाराणीला फक्त एवढंच म्हटलं, की टाळ्या सगळ्या चौथीला, तिसरीला कोण विचारतं? बस, एवढंच. मामाला नका हं सांगू. तेव्हापासून दोघी एकमेकींचं तोंड बघत नाहीत — आरशासमोर केस विंचरतानासुद्धा डोळे मिटून घेते ती.

अय्या, उठली! तिसरीची खुर्ची उचलून दाराबाहेर ठेवतेय — ठेवली! म्हणजे मी! मी पळणार, काका! तशी मी कुणापुढे तोंड उघडत नाही, पण खरं सांगू? आमची उंच मुलगी जरा सावकाशच सुटते. आणि डॉक्टरांची वळणावर धापा टाकते. मामाला दिसत नाही, मला दिसतं. मग त्या दोघींना कशाला उगाच त्रास? बॅटनचं काय, या हातातून त्या हातात — मी घरी जिन्यात करून पाहिलंय, अजिबात पडत नाही — आले, मामा! आले! — काका, तुम्ही मामाला फक्त एवढं सुचवा, की मी एकटीनंच तिन्ही…