पांढरा ड्रेस

लातूरला टँकरच्या रांगेत माझ्या पुढं दोघी घागरी घेऊन उभ्या होत्या.

“बिलकीसभाभी, आमची पोरगी तायडो शिकायलीय. जपानी मारामारी. हवेत कोलांटी घेऊन लाथ हाणायची.”

“चांगलंच हाय की, कोंडाबाई.”

“काय चांगलं? ड्रेस पांढरा! मातीत पडली की धुवायला दोन घागरी.”

“या अल्ला! आठ दिवसाला टँकर, अन् पांढरा?”

“म्हून कायदाच केला. पडलीस, की तुझ्या आंघोळीचं पानी ड्रेसला.”

“मग?”

“पंधरा दिवस बिनआंघोळीची हिंडली.”

“अन् आता?”

“आता पडतच न्हाई. जिल्ह्यात पहिली आली. तिचे तायडोचे सर घरी आले, म्हनले, असं न पडता आमाला बी जमंना, तुमी काय शिकवलं?”

“काय सांगितलं?”

“म्या इचारलं, सर, तुमचा ड्रेस घरी कोन धुतंय?”