एकशे चाळीस पायऱ्या

दवाखान्यात नंबर लागायला वेळ होता, म्हणून शिंपीणबाई डोळे मिटून बसली होती. मागच्या बाकावर एक सासू-सून येऊन टेकल्या आणि बोलू लागल्या.

"गोळ्या बंद करून किती झाले गं?"

"चार महिने, आई. गेल्या दोन्ही वेळी पाळी अगदी वेळेवर आली."

"आणि ती फॉलिक अ‍ॅसिडची गोळी?"

"रोज घेते. तुमचा मुलगाच हातावर ठेवतो. त्यानं सिगारेटही सोडली."

"मी वीस वर्षं सांगत होते, तेव्हा त्याला कान नव्हते."

"पण परवा आत्याबाई म्हणाल्या, नऊ वर्षं गोळ्या खाल्ल्या, आता कसली कूस उजवतेय."

"तू काय म्हणालीस?"

"गप्प बसले."

"मी नाही बसले. म्हटलं, वन्सं, गोळ्यांनी काही बिघडत नाही, डॉक्टरीणबाईंनी माझ्यासमोर सांगितलंय. आणि त्या नऊ वर्षांत पोरगी रिकामी नव्हती. बंदरावरची सगळ्यात उंच क्रेन आज ती चालवते."

"असं म्हणालात तुम्ही?"

"तोंडावर. मूल झालं तर आनंदच आहे, नाही झालं तरी माझी सून काही कमी उंचीवर बसत नाही."

शिंपीणबाईला राहवेना. तिनं मान वळवून दोघींना एकदा नीट पाहून घेतलं.

"मला एकदा वर ने की त्या क्रेनमध्ये," सासू सुनेला म्हणत होती.

"एकशे चाळीस पायऱ्या आहेत, आई."

"मग याच महिन्यात ने. नातवंड आलं की मला वेळ कुठला?"