डाकूचं रडनं मले पटलं नाही

त्या दुपारी ओसरीवर आमी चौघंच व्हतो. एक मी, एक माह्यी सासू सखूबाई, एक माहा दीर किसन, त्यानंच नाटक लिवलं व्हतं, अन् उत्तम टेलर, तो डाकू व्हनार व्हता. माहे मालक शेलूबाजारले बैल पाहाले गेले व्हते. तुमी लिहून राह्यल्या बाई, म्हनून नावं सांगून ठेवतो, त्यातली आता मीच उरली.

माहेर माह्यं रिठदकडलं. दोन सालं शायेत गेली, मंग बकऱ्यामांगं. इथं सून म्हनून आली तवा मले धड लुगडं नेसता येत नव्हतं, ते बी सासूनंच शिकवलं. आत्याबाई म्हनो मी तिले.

तर काय सांगू तुमाले, बहात्तरच्या दुष्कायामांगचं हे. चौदा एप्रिलच्या जयंतीले आमच्या वस्तीत दरसाल नाटक होये. त्या साली किसननं डाकूचं लिवलं. डाकू अंधारात गोयी झाडते अन् ती त्याच्याच लहान्या भावाले लागते. त्या दुपारच्या तालमीत उत्तम छाती बडवून असा रडला का रस्त्यानं जानारी बाई डोक्यावरची मोयी घेऊन उभी राह्यली. अन् पुढच्याच परवेशात तोच डाकू पान चावत नाचनारीची थट्टा करते. अखेरीले पुन्हा रडते, माय त्याले पोटाशी धरते, खलास.

मी म्हनलं किसनभाऊ, हे काही बरोबर नाही. काहून वैनी, तो म्हने, लोकायले रडनं बी लागते अन् हासनं बी. उत्तम म्हने, वैनीले डाकू करा, मी भाकरी थापतो. मी बी हासली. मंग म्हनलं, हासू द्या त्याले, मानूस हासते. पन हासून झाल्यावर त्याले समजलं पाह्यजे का आपन हासलो. याले त काहीच नाही, भाऊ मेला का कोंबडी मेली.

तुमाले काय ठाऊक, किसन म्हने. तवा मी सांगतलं.

दोन सालं आंधी माह्यी लेक सुमन आठ महिन्याची व्हती. निंदनाचे दिवस, वावरातलं तन काढाचे. तवा आमच्याकडं कामाले जाताना लेकरू निजावं म्हनून बोटावर राईएवढी अफू चाटवत, सगळ्याच बाया, कोनी लपवत नव्हतं. त्या दिवशी मी चाटवली, झोयीत टाकली, आत्याबाईपाशी ठेवून वावरात गेली. संध्याकायी आली त सुमन उठेच ना, अंग थंडगार. मालक म्हने तिचं आयुष्य तेवढंच. मले वाटलं माह्या बोटाले जास्ती लागली, पन मी कोनाले बोलली नाही. चौथ्या दिवशी निंदाले गेली. एक बाई तिच्या नवऱ्याचं काहीतरी सांगून राह्यली व्हती, अन् मले हासू आलं. ते हासू झाल्यावर मले खुरपं उचलता येईना. अन् आत्याबाई सुमन गेली त्या दिवसापासून माह्याकडं पाहून बोले नाही, कोनाचं लेकरू मांडीवर घे नाही. मले वाटे ही मले खुनी समजते.

एवढं मी दोन सालात पयल्यांदा बोलली. उत्तमनं खोटी मिशी काढून हातात घेतली. आत्याबाई कोपऱ्यात चिंचा फोडून राह्यली व्हती, तिचा हात थांबला.

मी बी देल्ली व्हती वं, ती म्हने. तू गेली अन् ते रडलं, मले वाटलं तू इसरली.

मंग सांगतलं काहून नाही आत्याबाई, मी म्हनलं.

तू काहून नाही सांगतलं, ती म्हने.

मी उठली, तिच्यापाशी बसली अन् चिंचा फोडाले लागली. तालीम त्या दिवशी तिथंच राह्यली.

जयंतीले उत्तम नाचनारीसंग हासला, मधातच थांबला, तोंडातलं पान थुकलं अन् नुसता उभा राह्यला. लोक म्हने टेलर बोलनं इसरला, पोट्ट्यायनं शिट्ट्या मारल्या. किसन माह्यावर लय रागावला. मले मात्र तो डाकू तेवढाच पटला.

पुढच्या साली पोरगा झाला, तो आत्याबाईच्याच मांडीवर वाढला. अफू घरात पुन्हा आली नाही. सुमनचं दुख काही गेलं नाही, पन आमी दोघी एका ताटात जेवाले लागलो, ती जाईपर्यंत. आता माह्या नातसुनेले दिवस गेले हायेत, चांगलं होईल.

हे जे कोनी वाचतीन त्यायले एकच सांगनं. लेकराले औषध असो का घुटी, काही बी देल्लं त घरातल्या दुसऱ्या बाईले तवाच सांगून ठेवा.