मीडियम मापाची जर्सी

(२०१७चा मे महिना, रविवारची सकाळ. सिंगापूरच्या यिशुन भागातला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट. घरची सून सुलेखा नोव्हेनाच्या हॉस्पिटलात ड्यूटीवर गेलेली. तिच्या स्वयंपाकघराचा ताबा सासूबाई हिरा पेणकर यांनी न विचारता घेतला आहे. वय बाहत्तर, मुंबईत मेट्रन म्हणून निवृत्त, ठाण्याहून लेकाकडे दोन महिन्यांसाठी आलेल्या. लेक अब्राहाम, वय बेचाळीस, लॅपटॉपसमोर. शेजारच्या ब्लॉकमधला प्रफुल्ल, मूळचा नागपूरचा, रविवारच्या फुटबॉल टीमचा कॅप्टन, स्वतःचा स्कॅनर काखोटीला मारून आला आहे.)

प्रफुल्ल : ते सगळं बरोबर आहे भाऊ, पण या निवडीच्या पत्रात तर 'फॉरवर्ड, डावा पाय' लिहून राहिले.

अब्राहाम : कुठे?

प्रफुल्ल : हे काय, तुझ्या नावासमोर. अब्राहाम एस. पेणकर, फॉरवर्ड, डावा पाय. तू तर आपल्या टीममध्ये चार वर्षांपासून बदली गोलकीपर आहेस.

अब्राहाम : गोलकीपरलाही डावा पाय असतो.

प्रफुल्ल : असते ना. पण तू त्यानं किक मारलेली मी तरी पाहिली नाही. उजव्यानंही फार नाही.

अब्राहाम : त्या लेव्हलला पोझिशन फिक्स नसते रे. सगळे सगळं खेळतात. तू पासपोर्ट स्कॅन कर. भारताच्या साडेनऊपर्यंत, म्हणजे आपल्या बारापर्यंत, कॉपी आणि सही केलेला फॉर्म गेला नाही तर नाव कट. बोल्डमध्ये लिहिलंय.

हिरा : आधी खाऊन घ्या दोघं. अकरा वाजून गेलेत.

अब्राहाम : आई, मला फक्त दोन उकडलेली अंडी. पिवळं काढून.

हिरा : पिवळं काढून काय राहतं त्यात?

अब्राहाम : प्रोटीन. जुलैत इस्रायलमध्ये मी काय पोट घेऊन उतरू? आपल्या ज्यूंची जागतिक स्पर्धा आहे, जगभरचे ज्यू येणार आहेत. ब्राझीलचे, अर्जेंटिनाचे. त्यांच्या पुरुष टीम बघितल्यास यूट्यूबवर?

हिरा : बघितल्या. लहान मुलं आहेत.

अब्राहाम : तरुण आहेत, लहान नाहीत.

प्रफुल्ल : काकू, तुमचं बरं आहे. अकरा जण जमले की झाली भारताची टीम. आम्हा बौद्धांचे असे खेळ निघाले ना, तर एकट्या नागपुरात निवड चाचणी दहा वर्षं चालेल.

अब्राहाम : अकरा नाही, अठरा. आणि निवडून घेतलेत. फॉर्म भरून, समितीसमोर.

प्रफुल्ल : तू कोणत्या समितीसमोर खेळलास?

अब्राहाम : मी ऑनलाइन भरला होता. अनुभवाच्या रकान्यात आपली टीम लिहिली. सिंगापूर लीग.

प्रफुल्ल : आपण ब्लॉकखालच्या मैदानात खेळतो. मागच्या रविवारी एक आजी तिथं ताई-ची करून राहिल्या होत्या, तर आपण अर्धा तास थांबलो.

अब्राहाम : लीग म्हणजे नियमित खेळणं. आई, ते जाऊ दे, मलिदा कधी करतेस? निवड झाल्याला तीन आठवडे होतील. आपल्या प्रेषितापुढे, एलियाहू हन्नबीपुढे, मलिदा ठेवून आभार न मानता मी विमानात बसू?

हिरा : पोहे चांगले मिळत नाहीत इथे.

प्रफुल्ल : काकू, टेक्का मार्केटला फर्स्ट क्लास पोहे मिळतात. मी आणून देतो ना.

हिरा : नको. गूळही ठीक नाही इकडचा.

अब्राहाम : परवा नारळ चांगला नव्हता. त्याच्या आधी केळी. आजीच्या घरी तू पावसाळ्यात, पंचवीस माणसांचा मलिदा दोन तासांत केला होतास.

हिरा : तेव्हा मी धडधाकट होते. अंडी घे.

प्रफुल्ल : भाऊ, हा जर्सीचा रकाना पाहिला का? माप मीडियम टाकून ठेवलं आहे त्यांनी.

अब्राहाम : युरोपियन मीडियम असेल. त्यांचं मीडियम आपल्या एक्सएलएवढं असतं.

प्रफुल्ल : आपल्या टीमचा टी-शर्ट तुला डबल एक्सएल लागला होता.

अब्राहाम : तो धुतल्यावर आटणारा होता.

प्रफुल्ल : बरं. जन्मसाल पंचाण्णव लिहिलं आहे.

अब्राहाम : टायपिंग मिस्टेक. सातच्या जागी नऊ. क्लेरिकल एरर आहे, मी नंतर करेक्ट करून घेईन.

प्रफुल्ल : पाय चुकला, माप चुकलं, जन्मसाल चुकलं. मग बरोबर काय आहे याच्यात?

अब्राहाम : नाव. नाव बरोबर आहे ना? अब्राहाम एस. पेणकर. मग स्कॅन कर.

हिरा : प्रफुल्ल, ते मशीन बंद कर.

प्रफुल्ल : काय झालं काकू?

हिरा : बंद कर म्हणते ना. अब्राहाम, इकडे बघ. ते पत्र धाकट्याचं आहे.

प्रफुल्ल : धाकटा कोण?

हिरा : आमच्यात आजोबांचं नाव नातवाला ठेवतात. आमचे सासरे अब्राहाम. त्यांना दोन मुलं, माझे यजमान सॅम्युअल आणि धाकटे दीर सॉलोमन. दोघांनी आपापल्या मुलाला बापाचं नाव दिलं. कोण मागे हटणार? हा मोठा अब्राहाम. दिरांचं लग्नच उशिरा झालं, त्यांचा तो धाकटा अब्राहाम. बावीस वर्षांचा. सहाव्या वर्षापासून फुटबॉल खेळतोय, पोटात होता तेव्हाही आईला, शैलाला, लाथा मारायचा.

प्रफुल्ल : डाव्या पायानं.

हिरा : सगळं डाव्यानंच करतो तो. जेवतोसुद्धा.

प्रफुल्ल : पण मग पत्र इकडं सिंगापूरला कसं आलं?

हिरा : माझ्यामुळे. टीमचं काम बघणारे एझ्राकाका आमच्या ओळखीचे. त्यांचा फोन आला, हिराबाई, तुमच्या अब्राहामचा ईमेल द्या. मी दिला. आईला अब्राहामचा ईमेल विचारल्यावर ती कुणाचा देणार?

प्रफुल्ल : बरोबर आहे तुमचंही.

हिरा : बरोबर कसलं. दोन दिवसांनी शैलाचा फोन आला. पोरगा खोलीतून बाहेर येत नाही, नीट जेवत नाही, बूट माळ्यावर टाकले. सगळ्यांना पत्रं आली, त्यालाच आलं नाही. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आणि तरीही मी गप्प बसले. सत्तेचाळीस नर्सेसना शिस्त लावलेली बाई मी, गप्प बसले. मलिदा कसला करू? देवापुढे खोट्या निवडीचे आभार कसे मानू?

अब्राहाम : किती दिवस झाले तुला कळून?

हिरा : सतरा.

अब्राहाम : मला एकोणीस.

हिरा : काय?

अब्राहाम : पत्र आलं त्या रात्रीच सगळं वाचलं होतं मी. डाव्या पायाला जरा शंका आली. मीडियम वाचल्यावर चहा करून आलो. जन्मसाल वाचलं आणि लॅपटॉप बंद केला.

प्रफुल्ल : आणि मला आत्ता अकरा मिनिटं झाली. मी एकटाच येडा इथं.

हिरा : म्हणून ठाण्याला कुणाला सांगू नको म्हणालास. सरप्राइज आहे म्हणालास.

अब्राहाम : हो. पण आई, तो जेवत नाही हे मला ठाऊक नव्हतं, शपथ. मी स्वतःला सांगत होतो की त्यालाही वेगळं पत्र गेलं असेल. एकाच नावाचे दोघं घेतले असतील.

हिरा : प्रोजेक्ट मॅनेजर आहेस ना तू?

अब्राहाम : माणसाला जे हवं असतं ते त्याला पटतं. शाळेच्या टीममध्ये मी दप्तरं सांभाळायचो. कॉलेजात पाण्याच्या बाटल्या भरायचो. इथे प्रफुल्ल मला दुसऱ्या हाफची शेवटची दहा मिनिटं देतो, तेही आपण चार गोलांनी हरत असलो तर.

प्रफुल्ल : पाच.

अब्राहाम : आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी लिहून पाठवलं, की पेणकर, तू आम्हाला हवा आहेस. पाया लेबारला आमच्या ऑफिसचा अख्खा अकरावा मजला मला बघून उठून उभा राहतो. आमच्या सिक्युरिटीच्या अंकलनी माझ्याबरोबर फोटो काढला. मी तो वीस वेळा बघितलाय.

हिरा : म्हणूनच नाही बोलले रे. तू त्याच दिवशी बाथरूममधून शिट्टी वाजवत बाहेर आलास. तुझे डॅडी गेल्यापासून ऐकली नव्हती मी तुझी शिट्टी. मला वाटलं, राहू दे अजून एक दिवस. मग अजून एक दिवस. मी दोन्ही अब्राहामांना आंघोळी घातल्यात, पण पोटचा तो पोटचा. चुकलंच माझं.

प्रफुल्ल : काकू, भाऊ, मधे बोलतो, माफ करा. अकरा चाळीस झाले.

अब्राहाम : एक होऊ शकतं. एझ्राकाकांना सांगतो, दोघांना घ्या. मी एकोणिसावा. बाकावर बसेन. त्यात मी एक्स्पर्ट आहे.

हिरा : जागा किती, तूच म्हणालास ना मघाशी?

अब्राहाम : अठरा.

हिरा : मग?

अब्राहाम : मग काही नाही. प्रफुल्ल, माझा पासपोर्ट काढ त्यातून.

प्रफुल्ल : काढला. हे घे भाऊ.

अब्राहाम : आई, ठाण्यात आत्ता नऊ वाजून दहा मिनिटं. रविवारी उठला असेल का तो?

हिरा : शैला उठवेल. त्याचा पासपोर्ट कपाटात डाव्या हाताच्या खणात आहे. मी सतरा दिवसांपूर्वीच विचारून ठेवलं होतं.

अब्राहाम : म्हणजे तू सांगणारच होतीस.

हिरा : रोज सकाळी सांगणार होते. लाव फोन.

अब्राहाम : हॅलो, शैलाकाकू? मी मोठा. धाकट्याला दे ना जरा. झोपला असला तरी दे... अब्राहाम? मी अब्राहाम. ऐक, मधे बोलू नकोस. तुझं सिलेक्शन झालंय. अरे, इस्रायलचं. नाही, मस्करी नाही. पत्र माझ्या मेलवर आलं होतं, स्पॅममध्ये जाऊन बसलं, आत्ता बघतोय. नाही रे बाबा, मस्करी नाही. तुला आत्ता फॉरवर्ड करतो. भारताच्या साडेनऊच्या आत पासपोर्टचा फोटो आणि फॉर्म एझ्राकाकांना पाठव. मोबाइलवरून काढ, चालेल. मी त्यांना फोन करून ठेवतो. हो. अब्राहाम, श्वास घे. हो. हो, मीडियमच लिहिलंय... काय? मी ना? नाही, माझं नाही जमलं. रजा नाही मिळाली. बॉस खडूस आहे. चल, ठेव, वेळ घालवू नकोस.

हिरा : काय म्हणाला?

अब्राहाम : पाच वेळा विचारलं, दादा, खरं ना. मग फोन शैलाकाकूकडे गेला, ती रडली. मग परत त्याच्याकडे आला, तोही रडत होता. मग म्हणाला, दादा, तूपण फॉर्म भरला होतास ना, तुझं काय झालं.

हिरा : दोनदा खोटं बोललास फोनवर.

अब्राहाम : मोजलंस?

हिरा : मोजायची सवय आहे. रजा मिळालीय ना?

अब्राहाम : मिळालीय. पूर्ण दोन आठवडे. बॉस 'कॅन लाह', चालेल की, म्हणाला आणि त्याच मिनिटाला अप्रूव्ह केली.

प्रफुल्ल : भाऊ, त्याचा मेसेज आला तुझ्या फोनवर. 'सेंट' लिहून राहिला. अकरा छप्पन्न.

अब्राहाम : पोहोचलं का, ते एझ्राकाकांना विचारतो. थांब. ...हो. पोहोचलं म्हणतात. झालं.

प्रफुल्ल : मी निघतो काकू. भाऊ, पुढच्या रविवारी तुला पहिल्यापासून उतरवतो.

अब्राहाम : दया दाखवू नकोस.

प्रफुल्ल : दया नाही. आपला गोलकीपर सुट्टीवर चालला आहे.

हिरा : प्रफुल्ल, जाता जाता टेक्क्याला जाशील का? पोहे आण. नारळ दोन. गूळ कुठलाही चालेल.

प्रफुल्ल : आता चालेल का इकडचा गूळ?

हिरा : चालेल. संध्याकाळी तूही ये, बायकोला घेऊन ये.

अब्राहाम : आई, उद्या ऑफिसात मी काय सांगू?

हिरा : खरं ते सांग. माझा भाऊ खेळायला चाललाय म्हण. आणि ती रजा मोडू नकोस.

अब्राहाम : कशाला? मी जाऊन काय करू तिथे?

हिरा : बघायला जा. प्रेक्षकांत बसायला कुणी निवडावं लागत नाही. पोरगं पहिल्यांदा देशाबाहेर जातंय, कुणीतरी आपलं माणूस नको का ओरडायला?

अब्राहाम : तू येशील?

हिरा : येईन. पण 'अब्राहाम, अब्राहाम' म्हणून मी तिथे मोठ्याने ओरडले, तर कुठल्यासाठी ओरडतेस म्हणून विचारू नकोस.